ल्युकेमियातून बरी झालेली मुले आणि यकृतातील विषाणू

ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या मुलांमधील दीर्घकालीन हेपॅटायटिस हा बहुतेक वेळा मूळ आजाराचा भाग नसतो. तो उपचारांच्या वाटेवर लागलेला असतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. या काळात अस्थिमज्जा वारंवार कोरडी पडते. हिमोग्लोबिन उतरले की रक्त, प्लेटलेट कमी झाल्या की प्लेटलेट, ताप आला की शिरेतून अँटिबायोटिक, असा क्रम चालतो. एकेका मुलाला अनेक रक्तदात्यांचे रक्तघटक मिळतात, आणि ते मिळतात तेव्हा स्टेरॉइड व केमोथेरपीने त्याची प्रतिकारशक्ती जवळजवळ निकामी झालेली असते. रक्तावाटे पसरणाऱ्या हेपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंना याहून सोयीची परिस्थिती क्वचितच मिळेल. ल्युकेमिया जातो आणि विषाणू मागे राहतो. त्याचे काय करायचे, याचे उत्तर दोन विषाणूंसाठी अगदी वेगवेगळे आहे. सी आज औषधांनी कायमचा जातो. बी जात नाही, तो ताब्यात ठेवावा लागतो. या विषयातला बहुतेक गोंधळ हा फरक नजरेआड केल्याने होतो.

ल्युकेमिया आणि हेपॅटायटिस बी यांची गाठ विषाणूच्या शोधापासूनच पडलेली आहे. बरूच ब्लूमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. १९६५ मध्ये त्यांनी ते जाहीर केले तेव्हा ते ल्युकेमियाच्या रुग्णांत आढळणारे प्रथिन म्हणूनच मांडले होते. अमेरिकेतील निरोगी लोकांत ते हजारात एखाद्याकडे मिळे, तर ल्युकेमियाच्या रुग्णांत सुमारे दहापैकी एकाकडे. हे प्रथिन ल्युकेमियाची खूण असावी, असा पहिला तर्क होता. पुढे उलगडा झाला की ते एका विषाणूचे बाह्य आवरण आहे आणि ल्युकेमियाच्या रुग्णांत ते जास्त दिसते ते त्यांना मिळालेल्या रक्तामुळे. ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आता जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांत हे प्रथिन शोधणाऱ्या एचबीएसएजी चाचणीला अजूनही ‘ऑस्ट्रेलिया अँटीजेन’ म्हटले जाते. हेपॅटायटिस सीचा विषाणू मात्र १९८९ पर्यंत ओळखू आला नव्हता. तोवर रक्त दिल्यानंतर होणाऱ्या आणि ए किंवा बी नसलेल्या काविळीला डॉक्टर ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणून सोडून देत. १९७० आणि ८० च्या दशकांत ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या मुलांच्या पहिल्या मोठ्या पिढीला सीची लागण झाली ती या अज्ञानाच्या काळात.

रक्तपेढीत कोणती चाचणी कधी सुरू झाली, यावर एखाद्या देशातील धोक्याचा काळ ठरतो. अमेरिकेतील बालकर्करोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्याच्या नियमांत म्हणूनच दोन वर्षे ठळकपणे येतात: १९७२ पूर्वी रक्त घेतलेल्यांची बीसाठी आणि १९९३ पूर्वी रक्त घेतलेल्यांची सीसाठी तपासणी. भारतात ही रेषा बरीच पुढे सरकते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर रक्तपेढ्यांच्या कारभाराला वळण लागले, पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आली आणि दान केलेल्या प्रत्येक पिशवीची हेपॅटायटिस सीसाठी तपासणी बंधनकारक झाली ती २००१-०२ च्या सुमारास. चाचणी असली तरी धोका शून्य होत नाही. दात्याला नुकतीच लागण झालेली असेल तर काही आठवडे एलायझा चाचणी नकारार्थी येते. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी नॅट चाचणी ही फट बरीच बुजवते, पण ती भारतातील सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही.

दोष सगळा रक्तपेढीच्या माथी मारणेही योग्य नाही. अनेक देशांतील कर्करोग विभागांत हेपॅटायटिस बीची साथ वॉर्डातूनच पसरल्याचे दिसले आहे. मार्ग अगदी साधा असतो. शिरेतली नळी गोठलेल्या रक्ताने बंद होऊ नये म्हणून ती हेपॅरिन किंवा सलाईनने धुतात. त्यासाठी एकच मोठी बाटली वॉर्डात फिरत असेल आणि एका मुलाच्या नळीला लावलेली सिरिंज पुन्हा त्या बाटलीत गेली, तर सुई नवी असली तरी बाटली दूषित होते. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही, किमान सात दिवस तग धरतो. प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलाच्या रक्तात त्याची संख्या अफाट असते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा थेंबही पुरतो. एका मुलासाठी एकच कुपी, हातमोजे दर वेळी बदलणे आणि एचबीएसएजी असलेल्या मुलांची वेगळी व्यवस्था हे उपाय महाग नाहीत. ते रोज पाळणे कठीण असते, एवढेच.

लशीने बीचे चित्र पालटले आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात हेपॅटायटिस बीची लस २००२-०३ मध्ये काही ठिकाणी आली आणि २०११ पर्यंत देशभर पोचली. जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिली मात्रा आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला पंचगुणी लशीतून पुढच्या मात्रा, असे वेळापत्रक आहे. पण केमोथेरपी सुरू असताना दिलेली लस फारशी लागू पडत नाही, कारण प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीच औषधांनी दबलेल्या असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात ल्युकेमियाच्या मुलांना वाढीव मात्रांचे वेळापत्रक देऊन पाहिले. प्रतिसाद निराशाजनक होता. त्यानंतर लशीसोबत तयार प्रतिपिंडांची, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनची, जोड देण्याचा प्रयोग तिथे झाला. बालपणी मिळालेले लशीचे संरक्षणही केमोमुळे बरेचदा पुसले जाते. म्हणून उपचार संपल्यावर सुमारे सहा महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी मोजणे आणि ती १० मिलियुनिटच्या खाली असेल तर लस पुन्हा देणे, ही पाठपुराव्यातील पहिल्या कामांपैकी एक गोष्ट आहे.

हेपॅटायटिस बीच्या बाबतीत लागण कोणत्या वयात झाली, यावर पुढचे बरेचसे ठरते. नवजात बाळांत ती सुमारे ९० टक्के वेळा कायमची मुक्काम ठोकते, एक ते पाच वर्षांच्या मुलांत २५ ते ३० टक्के वेळा आणि निरोगी प्रौढांत पाच टक्क्यांहूनही कमी. केमोथेरपी घेणारे दहा वर्षांचे मूल या हिशोबात आपल्या वयाच्या रांगेत बसत नाही. त्याचे शरीर विषाणूला तान्ह्या बाळासारखेच सामावून घेते, आणि आजार दीर्घकालीन होण्याचे प्रमाण चढते. याचे कारण बीच्या स्वभावात आहे. हा विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः फारसा मारत नाही. नुकसान करते ती त्याला ओळखून हल्ला करणारी प्रतिकारशक्ती. केमो चालू असताना हल्लाच होत नाही, म्हणून विषाणू वाढत राहतो आणि मूल मात्र ठणठणीत दिसते. त्यात स्टेरॉइड आगीत तेल ओततात, कारण विषाणूच्या डीएनएमध्ये स्टेरॉइडला प्रतिसाद देणारा एक भाग असतो आणि त्यामुळे त्याची वाढ थेट वेग घेते. केमोचे चक्र संपून पांढऱ्या पेशी परततात, तेव्हा त्यांना यकृत विषाणूने भरलेले सापडते. मग यकृताला अचानक सूज येते, काही वेळा जिवावर बेतण्याइतकी. ल्युकेमिया आटोक्यात आलेले मूल यकृत निकामी होऊन दगावण्याची भीती या टप्प्यावर असते.

बीचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात एका बंद वर्तुळाच्या रूपात ठाण मांडून बसतो. आजची औषधे या वर्तुळाला हात लावत नाहीत. त्यामुळे एचबीएसएजी नाहीसा झाला तरी विषाणूचा बीजांश उरतो आणि पुढे आयुष्यात कधीही प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले गेले तर तो पुन्हा जागा होऊ शकतो. सी हा आरएनए विषाणू असून त्याला असा मुक्काम नाही. पेशीतली त्याची पैदास पूर्ण थांबवली की तो संपतो. सीची लागण झालेल्यांपैकी बहुतेकांत तो दीर्घकाळ राहतो, पण त्याची चाल मंद असते.

या मुलांत निदान चुकण्याचे मुख्य कारण एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, हे आहे. मेंटेनन्सच्या, म्हणजे उपचाराच्या शेवटच्या लांब टप्प्याच्या, काळात मूल रोज रात्री मर्कॅप्टोप्युरीनची गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेत असते. या दोन औषधांनीच एसजीपीटी शंभर-दोनशेपर्यंत चढतो आणि औषध थांबवले की उतरतो. त्यामुळे चढलेला आकडा ‘औषधामुळे असेल’ म्हणून बाजूला पडतो. ते अनेकदा खरेही असते. पण उपचार संपून तीन-चार महिने झाले तरी एसजीपीटी चढाच असेल, तर औषधाचे निमित्त संपलेले असते. मग इतर कारणे तपासावी लागतात. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साचते. स्टेरॉइडने वाढलेले वजन यकृतात चरबी आणते. थायोग्वानीन या औषधाने यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. विषाणू यांच्या जोडीला असू शकतो किंवा एकटाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी लागते: विषाणू असूनही एसजीपीटी वर्षानुवर्षे सामान्य राहू शकतो. मुलांसाठीची खरी सामान्य मर्यादा मुलग्यांत २६ आणि मुलींत २२ च्या आसपास आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर ती बहुधा ४० छापलेली असते. त्यामुळे ३५ चा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून फाइलला लागून जातो.

चाचण्यांतही या मुलांची एक खोच आहे. सीसाठी नेहमी प्रतिपिंडांची चाचणी करतात. केमो घेणाऱ्या किंवा नुकत्याच संपवलेल्या मुलाचे शरीर प्रतिपिंडे तयारच करत नसेल, तर विषाणू असूनही ही चाचणी नकारार्थी येते. दुसरीकडे, मिळालेल्या रक्तघटकांतून किंवा इम्युनोग्लोब्युलिनमधून परकी प्रतिपिंडे येऊन बीची एखादी चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते. म्हणून या गटात सीसाठी आरएनए आणि बीसाठी एचबीएसएजीबरोबर डीएनए मोजणे हेच भरवशाचे. बी आढळल्यास एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण), त्याची प्रतिपिंडे आणि बीच्या आधाराने जगणाऱ्या डेल्टा विषाणूची चाचणी; सी आढळल्यास शक्य असेल तिथे त्याचा जनुकप्रकार. भारतात सीचा तिसरा जनुकप्रकार सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल पहिला. यकृतात किती व्रण साचले आहेत, हे पूर्वी फक्त बायोप्सीने कळे. आता फायब्रोस्कॅनने यकृताचा कडकपणा मोजून बरेचसे काम भागते. मात्र सूज किंवा रक्त साचल्यामुळे यकृत कडक लागू शकते, त्यामुळे एसजीपीटी चढलेला असताना केलेल्या एका फायब्रोस्कॅनवर मोठा निर्णय घेऊ नये. लोहाचा संशय असेल तर फेरिटिन आणि गरजेनुसार एमआरआय करावा लागतो.

पुढे या मुलांचे काय होते? सीची लागण झालेल्या आणि ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या इटलीतील मुलांच्या दीर्घ पाठपुराव्याने सुरुवातीला दिलासा दिला. दीड-दोन दशकांनंतरही यकृत पूर्ण निकामी झाल्याचे त्यांत दिसले नाही. या निष्कर्षाचा अर्थ अनेकांनी ‘थांबायला हरकत नाही’ असा काढला. तो अपुरा आहे. वीस वर्षे म्हणजे मूल पंचविशीत पोचते. सिरोसिसची, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होण्याची, वेळ त्यानंतर येते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांत तर ही वाटचाल बरीच वेगवान असते. सिएटलच्या अभ्यासात प्रत्यारोपणानंतर सी असलेल्या रुग्णांना सिरोसिसपर्यंत पोचायला मध्यमानाने १८ वर्षे लागली. प्रत्यारोपण न झालेल्या सीच्या रुग्णांना ४०. यकृतातील लोह, प्रत्यारोपणानंतरची जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला), वाढते वजन आणि पुढे मद्य यांपैकी प्रत्येक गोष्ट ही घसरण वाढवते. बीच्या बाबतीत यकृताच्या कर्करोगाचा धोका सिरोसिसशिवायही राहतो.

हेपॅटायटिस बीच्या उपचारात वेळेचा प्रश्न आधी येतो. केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (बीची लागण कधीतरी झाल्याची खूण) चाचणी व्हावी. एचबीएसएजी आढळला तर विषाणूभार कितीही असो, केमोबरोबरच विषाणूरोधक औषध सुरू करतात. ते केमो संपल्यानंतरही किमान सहा ते बारा महिने, आणि रिटुक्सिमॅबसारखे बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर हल्ला करणारे औषध दिले असेल तर त्याहून जास्त, बारा ते अठरा महिने चालवतात. हे औषध केमोबरोबर थांबवणे ही मोठी चूक ठरते, कारण प्रतिकारशक्ती परतते तोच खरा धोक्याचा काळ. पूर्वी यासाठी लॅमिव्हुडिन वापरत. ते स्वस्त आणि निर्धोक आहे, पण विषाणू त्याला लवकर दाद देईनासा होतो. मुलांवरील मोठ्या चाचणीत एका वर्षात १९ टक्के मुलांत असा बदललेला विषाणू आढळला. आता त्याची जागा एन्टेकाव्हिर आणि टेनोफोव्हिरने घेतली आहे.

केमो संपून मूल बरे झाल्यावर प्रश्न बदलतो: आता कायमचा उपचार द्यायचा का? इथे घाई करण्याचे कारण नाही. मुलांमधील दीर्घकालीन बीचा एक मोठा टप्पा असा असतो की विषाणूभार कोट्यवधींत, पण एसजीपीटी सामान्य आणि यकृत जवळजवळ शाबूत. या टप्प्यात आजच्या औषधांनी विषाणूभार घटतो, पण एचबीईएजी नाहीसा होऊन त्याची प्रतिपिंडे येणे, म्हणजे शरीराने स्वतः विषाणूवर पकड मिळवणे, फारसे घडत नाही. म्हणून एसजीपीटी सहा महिने सातत्याने चढा असणे, डीएनए २००० युनिटच्या वर असणे आणि यकृतात सूज किंवा व्रण दिसणे, या गोष्टी जुळून येण्याची वाट बहुतेक तज्ज्ञ पाहतात. सिरोसिस असेल, घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असेल किंवा ल्युकेमिया उलटण्याची वा प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर थांबायचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये उपचाराचे निकष सैल केले आणि बारा वर्षांवरील मुलांनाही त्यांत घेतले. ल्युकेमियातून आलेल्या मुलांसाठी हा सैलपणा योग्यच आहे, कारण पुढे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध लागण्याची शक्यता त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त असते.

औषधांची निवड या मुलांच्या भूतकाळाकडे पाहून करावी लागते, आणि इथेच सर्वसाधारण मार्गदर्शिका अपुऱ्या पडतात. इंटरफेरॉनचे आकर्षण मुदतीत आहे: ठरावीक महिन्यांचे इंजेक्शन, मग सुट्टी. पेग-इंटरफेरॉनच्या मुलांवरील चाचणीत ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर सुमारे २६ टक्के मुलांत एचबीईएजी गेला. उपचार न मिळालेल्या गटात ६ टक्के मुलांत. नऊ टक्क्यांच्या आसपास मुलांत एचबीएसएजीही गेला, जे रोजच्या गोळ्यांना फारसे जमलेले नाही. पण हे आकडे अन्यथा निरोगी मुलांचे आहेत. ल्युकेमियातून आलेल्या मुलांवर इटली आणि तुर्कस्तानात झालेले इंटरफेरॉनचे, आणि पुढे लॅमिव्हुडिनसोबतचे, प्रयोग लहान गटांवरचे होते. इंटरफेरॉनने पांढऱ्या पेशी व प्लेटलेट उतरतात, ताप येतो, थायरॉइड बिघडतो, मूल चिडचिडे आणि उदास होते. रक्तपेशींच्या मोजणीचा, म्हणजे सीबीसीचा, रिपोर्ट हातात घेताना ज्यांचा श्वास अडकतो, त्या आईवडिलांना पुन्हा दर महिन्याला उतरलेले आकडे दाखवणे ही किंमत लहान नाही. ज्यांचे दात्याच्या पेशींनी प्रत्यारोपण झाले आहे, त्यांच्यात इंटरफेरॉनने जीव्हीएचडी भडकू शकते. निवडक, प्रत्यारोपण न झालेल्या, चढा एसजीपीटी आणि मध्यम विषाणूभार असलेल्या मुलांपुरतेच आज ते उरते.

म्हणून बहुतेकांच्या वाट्याला रोजची गोळी येते. एन्टेकाव्हिर दोन वर्षांवरील मुलांसाठी मान्य आहे. मुलांवरील चाचणीत ४८ आठवड्यांनी सुमारे २४ टक्के मुलांत एचबीईएजी जाऊन विषाणूभार नगण्य झाला, आणि दोन वर्षांत औषधाला न जुमानणारा विषाणू अगदी थोड्या मुलांत दिसला. पण पूर्वी लॅमिव्हुडिन घेतलेल्या आणि बदललेला विषाणू असलेल्या मुलात एन्टेकाव्हिर लवकर निष्प्रभ होते. अशा वेळी टेनोफोव्हिर लागते. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल हाडांची घनता कमी करते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. ल्युकेमियातून आलेल्या मुलाची हाडे स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेटने आधीच कमकुवत झालेली असतात. काहींच्या मांडीच्या हाडाचे टोक निर्जीव झालेले असते. तिथे हे औषध विचारपूर्वकच द्यावे, ‘ड’ जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेकडे लक्ष ठेवून. वय आणि वजन बसत असेल तर टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हा हाडांना सौम्य पर्याय आहे. औषध सुरू करताना कुटुंबाला सांगायची मुख्य गोष्ट म्हणजे ते मनाने थांबवायचे नाही. गोळ्या संपल्या म्हणून पंधरा दिवस खंड पडला, तरी यकृताला जोराची सूज येऊ शकते.

हेपॅटायटिस सीच्या उपचारात गेल्या काही वर्षांत जे घडले, त्याने या विषयावरचे जुने लेखन जवळजवळ निरुपयोगी झाले आहे. पूर्वी पेग-इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन यांची जोडी सहा महिने ते एक वर्ष देत. मुलांवरील २०११ मधल्या अमेरिकी चाचणीत तिने ५३ टक्के मुले विषाणूमुक्त झाली. ल्युकेमियातून आलेल्यांना हा उपचार विशेष जड जाई. रिबाव्हिरिन लाल पेशी फोडून रक्तक्षय करते. डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिनने ज्यांचे हृदय आधीच थोडे कमजोर झालेले असते, त्यांना असा रक्तक्षय झेपत नाही. म्हणून अनेक केंद्रांनी बऱ्या झालेल्या मुलांना ‘थांबा आणि पाहा’ असे सांगितले, आणि त्या काळात ते चूक नव्हते.

आता त्या सल्ल्याला आधार उरलेला नाही. विषाणूवर थेट काम करणारी तोंडी औषधे २०१७ मध्ये बारा वर्षांवरील मुलांसाठी, २०१९ मध्ये तीन वर्षांवरील मुलांसाठी अमेरिकेत मान्य झाली. सोफोसबुव्हिर-लेडिपास्व्हिरच्या किशोरवयीनांवरील चाचणीत बारा आठवड्यांत १०० पैकी ९८ मुले विषाणूमुक्त झाली. ग्लेकाप्रेव्हिर-पिब्रेन्टास्व्हिरने बहुतेक मुलांत आठ आठवडे पुरतात. सोफोसबुव्हिर-वेल्पटास्व्हिर सर्व जनुकप्रकारांवर चालते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांत त्याचे यश ८३ टक्क्यांवर अडकले, पण तिथे विषाणू वरचढ ठरला नव्हता. दाण्यांच्या रूपात दिलेले कडवट औषध मुले थुंकत होती. हे दाणे थंड, मऊ आणि आंबट नसलेल्या पदार्थात मिसळून लगेच भरवले तर बरेचसे प्रश्न सुटतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना तीन वर्षांवरील प्रत्येक सीबाधित मुलाला उपचाराची शिफारस करते, एसजीपीटी चढा असो वा नसो. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए सापडला नाही तर विषाणू गेला असे मानतात, आणि तो परत येणे अत्यंत दुर्मीळ आहे.

या गोळ्या सौम्य आहेत, पण ल्युकेमियातून आलेल्या मुलांची औषधांची यादी मात्र सौम्य नसते. मेंदूतील उपचारांमुळे ज्यांना झटके येतात, ती मुले फेनिटॉइन किंवा कार्बमाझेपिन घेत असू शकतात. या औषधांनी सोफोसबुव्हिरची रक्तातील पातळी इतकी खाली येते की उपचार फसतो. क्षयरोगासाठी दिलेले रिफॅम्पिसिनही तेच करते. अशा वेळी मुलाला आधी लेव्हेटिरासेटॅमसारख्या झटक्यांवरील दुसऱ्या औषधावर आणणे किंवा क्षयाचा उपचार पूर्ण होऊ देणे हा मार्ग. आम्लपित्तासाठी घेतलेले ओमेप्राझोल वेल्पटास्व्हिर व लेडिपास्व्हिर शोषू देत नाही. हृदयासाठी अमिओडारोन चालू असेल तर सोफोसबुव्हिर टाळतात, नाडी धोकादायकरीत्या मंद होते म्हणून. आणि सर्वांत महत्त्वाचे: सी आणि बी दोन्ही असतील, तर सीला हटवताना दबलेला बी उसळू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये यासाठी ठळक इशारा जाहीर केला. म्हणून सीची गोळी लिहिण्याआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी पाहिलेच पाहिजे, आणि एचबीएसएजी असेल तर आधी एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर.

सीचा उपचार केमो संपेपर्यंत थांबवावा का, हा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. आतापर्यंतची रीत थांबण्याची होती. पण हेपॅटायटिसने एसजीपीटी सतत चढत राहिला तर मर्कॅप्टोप्युरीन वारंवार थांबवावे लागते, आणि मेंटेनन्समधले असे खंड ल्युकेमिया उलटण्याची शक्यता वाढवतात. हेपॅटायटिस सी मोठ्या प्रमाणावर असलेल्या इजिप्तमध्ये कर्करोगग्रस्त मुलांना या गोळ्या दिल्या गेल्या. अभ्यास लहान होते, पण त्यांत जवळजवळ सगळी मुले विषाणूमुक्त झाली. मूल स्थिर मेंटेनन्समध्ये असेल आणि औषधांची आपसात टक्कर होत नसेल, तर उपचार पुढे ढकलण्यात अर्थ नाही. इंडक्शनच्या, म्हणजे केमोच्या पहिल्या तीव्र टप्प्याच्या, गदारोळात मात्र तो सुरू करू नये.

बी आणि सीखेरीज आणखी दोन विषाणू लक्षात ठेवावे लागतात. डेल्टा विषाणू बीशिवाय जगत नाही. तो असेल तर यकृताची हानी झपाट्याने होते, सुदैवाने भारतात तो कमी आढळतो. हेपॅटायटिस ईचा युरोपातील तिसरा जनुकप्रकार प्रतिकारशक्ती दबलेल्यांत दीर्घकाळ रेंगाळतो. आपल्याकडच्या साथींत येणारा पहिला प्रकार सहसा रेंगाळत नाही.

विषाणू गेला किंवा दबला म्हणजे पाठपुरावा संपत नाही. सिरोसिस झालेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आयुष्यभर लागते, सी बरा झाल्यावरसुद्धा. साचलेले लोह काढायला उपचार संपलेल्या मुलांत ठरावीक अंतराने थोडे रक्त काढणे हा सोपा आणि स्वस्त उपाय आहे, हिमोग्लोबिन चांगले असेल तर. हेपॅटायटिस एची लस द्यावी, वजन आवरावे, आणि पौगंडावस्थेत मद्याबद्दल आडपडदा न ठेवता बोलावे. आई, वडील, भावंडे यांची तपासणी करणे कधीकधी लागणीचा मूळ स्रोत उघड करते, कारण मुलाचा बी वॉर्डातून न येता जन्मावेळी आईकडूनही आलेला असू शकतो. बी असलेल्या मुलाला शाळेतून, डब्यातून किंवा खेळातून वेगळे काढण्याचे कोणतेही कारण नाही; लस घेतलेल्या वर्गमित्रांना त्याच्यापासून धोका नाही. मुली मोठ्या होऊन आई होतात तेव्हा बीचा विषाणूभार दोन लाख युनिटच्या वर असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर आणि बाळाला जन्मताच लस व इम्युनोग्लोब्युलिन, एवढ्याने पुढच्या पिढीतील लागण जवळजवळ टळते. सी मात्र गरोदर होण्याआधीच बरा करून घ्यावा.

बरे झालेल्या मुलांचा हिशोब ठेवणारी व्यवस्था यासाठी लागते. टाटा मेमोरियलमध्ये १९९१ मध्ये उपचार पूर्ण झालेल्यांसाठी वेगळे क्लिनिक सुरू झाले. भारतात असे प्रयत्न तेव्हा विरळाच होते. पण अनेक मुले गावी परततात, फाइल हरवते, आणि विशीत गेल्यावर बालरुग्ण विभागाचे दार त्यांच्यासाठी बंद होते. औषधे मिळत नाहीत, ही अडचण आता मोठी राहिलेली नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधे ठरावीक सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, आणि भारतीय कंपन्या सोफोसबुव्हिरची स्वस्त रूपे बनवतात. २००२ पूर्वी भारतात ल्युकेमियाचा उपचार घेतलेली मुले आज पंचविशी ओलांडून गेली आहेत. त्यांतल्या ज्यांची बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी एचसीव्ही चाचणी उपचारानंतर एकदाही झालेली नाही, त्यांनी ती जवळच्या केंद्रात जाऊन करून घ्यावी, एसजीपीटी सामान्य असला तरी.